घरच्या संगणकाच्या वायफाय कार्डाची जोडणी सारखी तुटते: नवे कार्ड घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे कसे ठरवावे?

कर्वेनगर_हिशेबनीस

नमस्कार. मी घरूनच दोन लहान संस्थांचे हिशेब पाहते आणि माझे सगळे काम आतल्या खोलीतील डेस्कटॉप संगणकावर चालते. संगणक तीन वर्षांपूर्वी सुटे भाग घेऊन जुळवलेला आहे. त्यात पीसीआय एक्स्प्रेसच्या छोट्या खाचेत बसणारे वायफाय कार्ड असून त्याचे दोन अँटेना कॅबिनेटच्या मागे स्क्रूसारखे फिरवून बसवलेले आहेत. राउटर दिवाणखान्यात आहे. मध्ये विटांच्या दोन भिंती आणि साधारण आठ मीटर अंतर आहे.

तक्रार अशी की जोडणी अधूनमधून तुटते. काम चालू असताना खालच्या कोपऱ्यातील चिन्ह बदलते, अर्धा-एक मिनिट काहीच होत नाही आणि मग आपोआप सगळे पूर्ववत होते. काही वेळा मात्र वायफायचा पर्यायच यादीतून नाहीसा होतो आणि संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय परत येत नाही. त्याच टेबलावर ठेवलेला माझा मोबाइल तेव्हा व्यवस्थित चालू असतो. राउटर एकदा बदलून झाला आहे, ड्रायव्हर (कार्ड चालवणारी आज्ञावली) दोनदा नव्याने टाकून झाला आहे. दुकानदार म्हणतात, "कार्ड गेलं आहे, नवीन टाका." पैशांचा प्रश्न फार मोठा नाही, पण नवे कार्ड टाकूनही हेच झाले तर मी पुन्हा पहिल्याच पायरीवर येईन. दोष कार्डाचाच आहे हे खात्रीने कसे ठरवावे?

रास्ता_पेठ_दुरुस्ती

ताई, आपण दोन वेगवेगळ्या तक्रारी एकाच वाक्यात लिहिल्या आहेत, आणि गोंधळाची सुरुवात बहुधा तिथेच झाली असावी. जोडणी तुटून आपोआप परत येणे ही एक तक्रार आणि कार्ड यादीतूनच नाहीसे होणे ही दुसरी. पहिलीत कार्ड जिवंत असते पण त्याला राउटरचे बोलणे नीट ऐकू येत नाही. दुसरीत मदरबोर्डालाच कार्ड दिसेनासे होते. दोन्हींचे कारण एकच असेल असे गृहीत धरू नका. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत असे दोन दोष एकत्र नांदताना मी अनेकदा पाहिले आहेत.

आधी पहिली तक्रार घेऊ. कमांड प्रॉम्प्टच्या (विंडोजला आज्ञा टंकून देण्याच्या) दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत राउटरच्या पत्त्यावर, म्हणजे बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो त्यावर, आणि दुसरीत ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्यावर अखंड पिंग (म्हणजे 'आहेस का?' अशी सततची विचारणा) लावून ठेवा. राउटरचे उत्तर येत राहिले आणि फक्त बाहेरचे थांबले, तर दोष तुमच्या घराबाहेरच्या लाइनचा किंवा राउटरच्या पुढचा आहे, कार्डाला हात लावू नका. राउटरचेच उत्तर थांबले तर दोष कार्ड, अँटेना, राउटरचा रेडिओ किंवा मधल्या हवेत आहे. या एका चाचणीने निम्मा शोध संपतो, आणि तरीही ती न करताच लोक कार्डे बदलतात याचे मला फार वाईट वाटते.

त्याच्या जोडीने विंडोज स्वतः ठेवत असलेली नोंद पाहा. प्रशासकाच्या अधिकारात कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा द्या (टंकायची अर्थातच रोमन लिपीत). गेल्या तीन दिवसांत जोडणी कधी जुळली, कधी तुटली आणि कोणत्या कारणाने तुटली याचा आलेखासह अहवाल तयार होतो. शेवटचा शब्द 'इंटरफेसेस' असा बदलला की त्या क्षणीचे चॅनल, सिग्नलची टक्केवारी आणि वेग दिसतो. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत त्यासाठी स्थान-सेवेची परवानगी चालू असावी लागते.

शेवटची विनंती अशी की टेबलावर एक वही ठेवा आणि प्रत्येक वेळी तुटल्यावर तारीख, वेळ आणि त्या क्षणी घरात काय चालले होते ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. हिशेब आपल्या हाताखालचे आहेत, तेव्हा नोंदींचे महत्त्व मी आपल्याला सांगायला नको.

वाकडवासी

आणखी एक सोपी चाचणी सुचवतो. एका संध्याकाळपुरता कॅबिनेट उचलून राउटरच्याच खोलीत नेऊन ठेवा. तिथेही तुटले तर अंतर आणि भिंती निर्दोष ठरतात.

हे सुचवण्याचे कारण म्हणजे माझा स्वतःचा अनुभव. आमच्या इमारतीत विटांची भिंत नाही. ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंती सळ्यांसकट काँक्रीटच्या ओतलेल्या आहेत, ज्याला बांधकामवाले 'मिवान' म्हणतात. पुणे परिसरातील हिंजवडी, वाकड, बाणेरकडच्या नव्या उंच इमारतींत राहणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे, कारण वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा दोन भिंतींपलीकडे जेमतेम पोहोचतो आणि दोष मात्र कार्डाच्या माथी येतो. मी वर्षभर कार्डाला बोल लावला. शेवटी भिंतीच्या कडेने कॅट ६ केबल टाकून आतल्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी पेटी) बसवला, तेव्हा तेच कार्ड निमूटपणे काम करू लागले. ताईंच्या घरी विटा आहेत, त्यामुळे त्यांचे कारण वेगळे असू शकेल.

राउटरचे चॅनलही पाहून घ्या. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झमध्ये १ ते १३ चॅनले वापरता येतात, पण अमेरिकेच्या नियमांप्रमाणे बांधलेली काही कार्डे १२ आणि १३ ऐकतच नाहीत. राउटर स्वयंचलित निवडीवर असेल आणि एखाद्या दिवशी १३ वर गेला, तर मोबाइलला नेटवर्क दिसते आणि संगणकाला दिसत नाही. तेव्हा १, ६ किंवा ११ यांपैकी एक कायम करून टाकावे. ही तीन एकमेकांवर चढत नाहीत.

कर्वेनगर_हिशेबनीस

दोघांचेही मनापासून आभार. चार दिवस वही ठेवली. निरीक्षणे अशी.

जोडणी तुटते तेव्हा राउटरचेच उत्तर थांबते, म्हणजे लाइनचा दोष नाही. एरवी राउटरकडून दोन-तीन मिलिसेकंदांत येणारे उत्तर आधी चारशे, मग हजारावर जाते आणि मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' अशा ओळी सुरू होतात. जोडणी २.४ गिगाहर्ट्झवर, चॅनल ६ वर आहे. मला सर्वांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी की तुटण्याच्या आधी आणि तुटताना सिग्नल ८४ टक्केच दाखवला जातो, तो खाली येतच नाही. फक्त वेगाचा आकडा धाडकन कोसळतो. चारही दिवशी हे रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान घडले. दुपारी एकदाही नाही.

वाकडवासी यांनी सांगितल्याप्रमाणे कॅबिनेट दिवाणखान्यात नेला. रात्री नऊ ते बारा एकदाही तुटले नाही. म्हणजे अंतर हेच कारण, असे मी जवळजवळ लिहूनच टाकले होते. पण मग दुपारी तेच अंतर का चालते, याचे उत्तर मला सापडत नाही.

कार्ड नाहीसे होण्याच्या दोन नोंदी आहेत. दोन्ही सकाळी दहाच्या सुमाराच्या.

खडकी_रेडिओ

माझी नोकरीची पंचवीस वर्षे रेडिओ संचांच्या चाचणीत गेली, म्हणून 'सिग्नल ८४ टक्केच राहतो आणि वेग कोसळतो' या आपल्या ओळीपाशी मी थांबलो. मायक्रोसॉफ्टच्या मोजणीत ० टक्के म्हणजे उणे १०० डीबीएम (सिग्नलचा जोर मोजण्याचे एकक, उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त) आणि १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम. त्या हिशेबाने आपले ८४ टक्के म्हणजे उणे ५८ डीबीएम. दोन भिंतींपलीकडे हा चांगला सिग्नल आहे. दूरचित्रसंवादासाठीसुद्धा उणे ६७ पुरेसा मानतात. तेव्हा राउटरचा आवाज कार्डापर्यंत नीट पोहोचतो आहे. अडचण अशी की त्याच वेळी कार्डाच्या कानाशी दुसरेच कोणीतरी गोंगाट करते आहे. मंगल कार्यालयात शेजारचा माणूस नेहमीच्याच आवाजात बोलत असतो, पण बँड सुरू झाला की त्याचे शब्द कळत नाहीत, तसे. सिग्नलचा आकडा फक्त बोलण्याचा जोर सांगतो. गोंगाट किती आहे हे तो सांगत नाही.

आता हा गोंगाट फक्त रात्री नऊ ते अकरा आणि फक्त आतल्या खोलीत असतो. मायक्रोवेव्ह भट्टी साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालते, पण ती दोन तास कोणी चालवत नाही. शिवाय शेजारी ठेवलेल्या मोबाइलला त्रास होत नाही, म्हणजे उगम अँटेनांच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात असावा. मला एकच विचारायचे आहे: संगणकाच्या मागे, अँटेनांच्या शेजारी यूएसबी ३.० च्या निळ्या खाचेत काही जोडलेले आहे का? आणि कॅबिनेट दिवाणखान्यात नेला तेव्हा ते बरोबर नेले होते का?

हे विचारण्याला आधार आहे. यूएसबी ३.० मधून सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती जाते आणि त्या वेगाच्या संदेशाचा रेडिओ कचरा नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये याच विषयावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. त्यातील मोजणीत यूएसबी ३.० हार्ड डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातील गोंगाटाची पातळी सुमारे २० डेसिबलने, म्हणजे शंभर पटींनी वाढलेली दिसते. गाळणी लावून हा कचरा काढता येत नाही, कारण तो वायफायच्याच पट्ट्यात असतो. तो रोखण्याचे मार्ग म्हणजे चांगले कवच असलेली केबल, अंतर किंवा पट्टा बदलणे.

कर्वेनगर_हिशेबनीस

काका, आपला प्रतिसाद वाचताच मी उठून कॅबिनेटच्या मागे पाहिले. अँटेनांपासून चार बोटांवर निळ्या खाचेत यजमानांची बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली आहे. घरातील फोटो आणि माझ्या हिशेबांच्या फायली तिच्यावर उतरवण्याचे काम दररोज रात्री नऊ वाजता आपोआप सुरू होते. कॅबिनेट दिवाणखान्यात नेला त्या रात्री डिस्क इथेच टेबलावर राहिली होती. म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलते आहे असे मी समजत होते, आणि प्रत्यक्षात दोन बदलल्या होत्या.

मग मुद्दाम चाचण्या घेतल्या. डिस्क काढून रात्री नऊ ते दहा राउटरला पिंग लावला, एकही उत्तर चुकले नाही. डिस्क निळ्या खाचेत लावून मोठी फाइल उतरवायला घेतली, चौथ्या मिनिटाला उत्तरे थांबली. तीच डिस्क काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या खाचेत लावली, तर काम फार सावकाश झाले पण जोडणी तुटली नाही. पुन्हा निळ्या खाचेत लावली, पुन्हा तुटली.

त्यानंतर बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून कवच असलेली एक मीटरची यूएसबी ३.० वाढीव केबल आणि अँटेनांसाठी तारा असलेली चुंबकाची बैठक आणली. डिस्क टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आणि अँटेना कॅबिनेटच्या मागून निघून टेबलावर, असे दोघांना लांब केले. (पहिल्या दिवशी फक्त केबल, दुसऱ्या दिवशी बैठक. दोन्ही एकदम नाही.) केबलने तुटणे थांबले, पण उत्तरे अजून ऐंशी-नव्वद मिलिसेकंदांपर्यंत जात होती. अँटेना वर आल्यावर तीही खाली आली. शिवाय आता ५ गिगाहर्ट्झचा सिग्नलही ६६ टक्के मिळतो, म्हणून कार्डाच्या प्रगत गुणधर्मांत त्या पट्ट्याला पसंती देऊन टाकली.

पहिली तक्रार संपली असे मी म्हणू शकते. सकाळी कार्ड नाहीसे होणे मात्र परवाही घडले.

धनकवडी_विद्यार्थी

धागा वाचून माझी अडचण मांडण्याचे धाडस करतो, कारण ती जवळचीच आहे. मी लॅपटॉपमध्ये स्वतःच एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवली. तेव्हापासून वायफाय फक्त राउटरच्या शेजारी बसले तरच लागते, खोलीच्या दाराबाहेर गेले की जाते. कार्ड यादीत दिसते, ड्रायव्हरही ठीक आहे. एसएसडीच्या गोंगाटाने असे होत असेल का?

रास्ता_पेठ_दुरुस्ती

दादा, एसएसडी बसवताना खालचे झाकण काढले असेल, आणि त्या वेळी अँटेनाची तार निसटली असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. लॅपटॉपचे वायफाय कार्ड बोटाच्या पेराएवढे असते आणि त्याच्या एका कडेला तिळाएवढ्या सोनेरी गोल बैठका असतात. त्यांवर बहुधा एक काळी आणि एक पांढरी तार दाबून बसवलेली असते. या तारा पडद्याच्या चौकटीत असलेल्या अँटेनांकडे जातात. तार निसटली तरी कार्ड बंद पडत नाही. ते नुसत्या उघड्या बैठकीने जेवढे ऐकू येईल तेवढे ऐकते, म्हणून राउटरशेजारी लागते आणि चार पावलांवर जाते.

चार्जर काढा, बॅटरीची जोडणीही काढता येत असेल तर काढा. तारेचे टोक बैठकीच्या बरोबर वर सरळ धरा आणि नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खाली दाबा. 'टक्' असा बारीक स्पर्श बोटाला जाणवतो. टोक तिरके असताना जोर लावलात तर त्याची कडा चेपते, आणि चेपलेली कडा मग कधीच धरत नाही. या प्रकारच्या जोडण्या फार वेळा काढघाल करण्यासाठी बनवलेल्या नसतात, त्यांची मर्यादा साधारण तीस वेळांची धरतात. तेव्हा सहज म्हणून काढून पाहू नका. कोणती तार कोणत्या बैठकीवर याची खूण कार्डावर त्रिकोणाने किंवा आकड्याने केलेली असते.

कधी कार्डच बदलायची वेळ आली तर इंटेलच्या काही कार्डांबाबत सावध राहा. 'सीएनव्हीआय' प्रकारची कार्डे दिसायला अगदी इतरांसारखीच असतात, त्याच खाचेत बसतात, पण त्यांचा निम्मा कारभार इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरात असल्याने इतर संगणकांत ती ओळखलीच जात नाहीत.

सहकारनगर_शिक्षिका

माझा प्रश्न तुटण्याचा नसून न दिसण्याचा आहे. नवा राउटर आल्यापासून माझ्या जुन्या लॅपटॉपला त्याचे नावच यादीत दिसत नाही, शेजाऱ्यांची सगळी नावे दिसतात. मुलगा म्हणतो लॅपटॉप टाकून द्या. मला त्यावर टंकनाची सवय झाली आहे आणि तो मला टाकायचा नाही.

खडकी_रेडिओ

बाई, तो टाकू नका. नवा राउटर वायफाय ६ चा, म्हणजे वायफायच्या नव्या पिढीचा, असेल तर काही जुन्या कार्डांचे जुने ड्रायव्हर त्याची हाकच ओळखत नाहीत आणि नाव यादीतून गाळतात. इंटेलने आपल्या अनेक जुन्या कार्डांसाठी हा दोष दूर करणारे ड्रायव्हर काढलेले आहेत, तेव्हा आधी केबलने किंवा मोबाइलच्या यूएसबी जोडणीने इंटरनेट घेऊन ड्रायव्हर नवा करा. तेवढ्याने झाले नाही, तर राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झला वेगळे नाव द्या, त्या पट्ट्यावर वायफाय ६ बंद ठेवा आणि सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए २ निवडा. डब्ल्यूपीए ३ हा प्रकार २०१८ मध्ये आला, त्याआधीच्या पुष्कळ कार्डांना तो झेपत नाही. मात्र जोडणी होत नाही म्हणून सुरक्षा काढून टाकण्याचा किंवा जुना डब्ल्यूईपी लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका.

रास्ता_पेठ_दुरुस्ती

धागाकर्त्या ताई, आता आपल्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो. कार्ड नाहीसे होईल तेव्हा संगणक लगेच पुन्हा सुरू न करता डिव्हाइस मॅनेजर (संगणकाच्या भागांची विंडोजमधील यादी) उघडा. कार्ड पिवळ्या खुणेसह दिसते आणि 'कोड १०' किंवा 'कोड ४३' असे लिहिलेले असते, की ते यादीत मुळीच नसते? खूण असेल तर ड्रायव्हर किंवा वीजबचतीकडे बोट जाते. मुळीच नसेल तर खाच, कार्ड किंवा त्याला मिळणारी वीज तपासावी लागते.

वीजबचतीच्या दोन जागा पाहून घ्या. कार्डाच्या गुणधर्मांत 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा' अशा अर्थाची खूण असते, ती काढा. मग पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्स्प्रेसची 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद करा. शिवाय 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर संगणक बंद केल्यावरही विंडोज पुरते बंद होत नाही, आणि कार्डाची बिघडलेली अवस्था दुसऱ्या दिवशीही तशीच पुढे येऊ शकते. तेही बंद करून पाहा, अर्थात एकेक करून.

याने काही फरक पडला नाही तर भिंतीवरची वीज बंद करून, पॉवरचे बटन पंधरा सेकंद दाबून उरलेला भार उतरवा आणि कार्ड खाचेतून काढून पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात सोनेरी पट्ट्यांवर दमट हवेचा थर बसतो. स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने त्या हलक्या हाताने पुसा, भुगा खाचेत पडू देऊ नका, आणि कार्ड दोन्ही टोकांना सारखे दाबून बसवा.

कर्वेनगर_हिशेबनीस

उशिरा लिहिते आहे, कारण प्रत्येक बदलाला चार-पाच दिवस देत होते. वीजबचतीची पहिली जागा बदलली, काही फरक नाही. दुसरी बदलली, नाही. फास्ट स्टार्टअप बंद केले, तरी शुक्रवारी सकाळी कार्ड पुन्हा गेले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण नव्हती, कार्ड मुळीच नव्हते.

मग वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. सगळ्या नोंदी सकाळी साडेनऊ ते साडेदहामधल्या आहेत, आणि एकही नोंद रविवारची नाही. आमच्याकडे केर-फरशीसाठी येणाऱ्या मावशी त्याच वेळेला येतात आणि रविवारी त्यांची सुट्टी असते. फरशी पुसताना त्या कॅबिनेट पुढे ओढतात आणि मग मागे सरकवतात. सोमवारी मी शेजारी उभी राहून पाहिले. कॅबिनेट मागे सरकला की मागे आलेल्या अँटेनांच्या तारा भिंतीला टेकत होत्या, आणि त्यांच्या रेट्याने कार्डाची पत्र्याची पट्टी केसभर वर उचलली जात होती. झाकण काढले तेव्हा कारण डोळ्यांसमोर आले: त्या पट्टीला कॅबिनेटशी धरून ठेवणारा स्क्रू मुळात लावलेलाच नव्हता. तीन वर्षे कार्ड केवळ खाचेच्या पकडीवर उभे होते. आधी जेव्हा अँटेना थेट मागे होते तेव्हा तर तो रेटा याहून जास्त बसत असणार. मावशींना यातले काही माहीत असण्याचे कारणच नव्हते.

पट्ट्या खोडरबराने पुसल्या, कार्ड नीट दाबून बसवले. कॅबिनेटच्या डब्यात उरलेल्या स्क्रूंपैकी जाड आट्यांचा एक त्या पट्टीला लावला, आणि कॅबिनेटच्या मागे भिंतीलगत लाकडाची एक पट्टी ठेवली म्हणजे तो चार इंचांहून मागे जाणारच नाही. त्यानंतर मुद्दाम दहा-बारा वेळा कॅबिनेट पुढे-मागे केला, कार्ड जागचे हलले नाही.

रास्ता_पेठ_दुरुस्ती

ताई, एक स्क्रू! कार्ड तपासायला कोणी आणून दिले असते तर ते माझ्या टेबलावर बिनतक्रार चालले असते आणि मीही 'कार्ड चांगले आहे' एवढेच सांगून परत दिले असते. आता एवढेच करा: पुढच्या गुरुवारी वीज कंपनीच्या दुरुस्तीसाठी वीज जाऊन परत येईल, तेव्हा कार्ड पहिल्याच प्रयत्नात दिसते का ते पाहून इथे लिहा.

कर्वेनगर_हिशेबनीस

गुरुवारी सकाळी वीज गेली, दुपारी आली, संगणक सुरू केला आणि कार्ड पहिल्याच प्रयत्नात दिसले. स्क्रू लावून आज एकोणीस दिवस झाले आहेत. रात्रीची नक्कल दररोज नऊला होते आहे. वहीत स्क्रूनंतरची एकच नोंद आहे, परवा रात्री पावणेदहाची: तेव्हा राउटरचे उत्तर चालू होते आणि ८.८.८.८ चे थांबले होते, म्हणून लाइनवाल्यांकडे तक्रार नोंदवली. त्यांनी चौकात तुटलेली केबल दुसऱ्या दिवशी जोडून दिली.